बेटावर निघालेली सुटकेस

मी एक जुनी सुटकेस आहे. रंगाने पिवळी, अंगाने टणक आणि सध्या एका लोखंडी खाटेखाली आडवी पडलेली. माझे एक चाक मोडले आहे. चेन अर्ध्यावर आली की दात विचकून बसते, पुढे सरकत नाही. सुटकेस म्हटली की तुम्हाला वाटेल, आता ही विमानांच्या आणि परदेशांच्या गोष्टी सांगणार. मित्रांनो, तुमची निराशा होणार आहे. मला दूरदेशीच्या एका बेटावर जाण्यासाठी विकत घेतले होते. तिथे म्हणे वर्षभर ऊन असते आणि समुद्राचे पाणी इतके नितळ की तळाची वाळू दिसते. त्या बेटासाठी मी किती वेळा भरले गेले आणि किती वेळा रिकामी झाले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. बेट मात्र मी पाहिले नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ केला, साच्यावर ओढला आणि गार झाल्यावर सोडवून घेतला, तेव्हा मी म्हणजे नुसते दोन उथळ टोप होते. मग एका बाईने माझ्या आत करडे अस्तर चिकटवले. तिच्या बोटाला पट्टी बांधलेली होती आणि ती सारखी शेजारणीला विचारत होती, "सुटी झाली का गं जेवणाची?" शेवटी एका माणसाने मला कमरेइतक्या उंचीवरून धाडकन खाली टाकले. तो मला उलटीसुलटी करून म्हणाला, "पास!" आणि दुसरीकडे वळला. जगात आल्यावर माझे झालेले पहिले कौतुक ते हेच.

दुकानात मी बराच काळ होते. पोट फुगलेले दिसावे म्हणून आत चुरगळलेले कागद कोंबले होते. लोक येत, हँडल वरखाली करत, माझा रंग पाहून हसत आणि शेजारची काळी सुटकेस घेऊन जात. एके दिवशी एक उंच, रुंद खांद्यांचे गृहस्थ आणि त्यांच्यामागे एक ठेंगणीशी बाई दुकानात शिरली. गृहस्थांचा आवाज असा खणखणीत की दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला.

"बेटावर चाललोय आम्ही!" कुणी काही विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकले.

"मग काळी घ्या काका, मळत नाही," दुकानदार म्हणाला.

"काळ्या सगळ्यांच्याच असतात," बाई म्हणाली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ही बरी. लांबून ओळखू येईल. यांना चष्म्याशिवाय दिसतं कुठे?"

"मला पाण्यात सगळं दिसतं."

"विमानतळावर पाणी नसतं."

गृहस्थ खो खो हसले आणि मजबुती पाहण्यासाठी चक्क माझ्यावर बसले. दुकानदार "अहो, अहो" करत पुढे झाला. मी मात्र वाकले नाही. त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.

त्या गृहस्थांना सगळे गाव मास्तर म्हणायचे. त्यांनी शाळेत कधी शिकवले नव्हते. ते नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचे. सगळा जन्म त्यांनी त्या तलावाच्या काठावर, गळ्यात शिट्टी अडकवून काढला. निम्मे गाव त्यांच्या हाताखाली तरंगायला शिकले होते. पाण्याचा गलका भेदून आवाज पोचवायची सवय असल्याने ते घरातही तसेच बोलत. साधे "चहा ठेव" म्हणाले तरी शेजारचे कान टवकारत. आणि गंमत अशी, की ज्या माणसाच्या अंगाला तलावातल्या औषधाचा वास कायमचा चिकटला होता, त्याने समुद्रात कधी पाऊल बुडवले नव्हते. समुद्र त्यांच्या गावापासून फार लांब होता.

त्यांची बायको म्हणजे मास्तरीणबाई. ती लाँड्रीत इस्त्री करायची. कपड्याची घडी कशी घालावी ते तिच्याकडून शिकावे. शर्ट तिच्या हातात आला की आपोआप शहाण्यासारखा बसत असे. मात्र तिला पाण्याचे भारी भय. लहानपणी ती एकदा घसरून पाण्यात पडली होती, आणि तेव्हापासून तिने गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिले नव्हते. "गाव तरंगवलं आणि घरची बायको कोरडी ठेवली," असे लोक मास्तरांना चिडवत. मास्तर म्हणत, "तिला मी समुद्रात शिकवणार. खारं पाणी माणसाला खालून उचलून धरतं. तिथे बुडायचं म्हटलं तरी जमत नाही."

बेटावर जायचे हे त्यांचे जुने ठरलेले होते. आधी लेकीचे शिक्षण, मग मास्तरांच्या आईचे आजारपण, मग घराची दुरुस्ती, असे करत ते पुढे पुढे ढकलले गेले. मास्तर निवृत्त झाले, मास्तरीणबाईनेही लाँड्री सोडली, आणि एका दुपारी दोघे जाऊन तिकिटे काढून आले. पासपोर्टच्या फोटोत मास्तर पकडलेल्या चोरासारखे दिसत होते. तो फोटो बघून मास्तरीणबाईला इतके हसू आले की तिला भिंत धरावी लागली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणाल तर ते. जायला अजून पुष्कळ अवकाश होता, तरी मला स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, रिकाम्या पलंगावर उघडून ठेवले होते. रोज माझ्यात काहीतरी नवे येऊन पडायचे. रुंद काठाच्या दोन टोप्या आल्या. उन्हाने कातडी जळू नये म्हणून लावायच्या क्रीमची बाटली आली. वाळूत चालायच्या चपला आल्या. मास्तरीणबाईने एक फुलाफुलांचा झगा घेतला, आरशासमोर अंगाला लावून पाहिला आणि "या वयात हे काय सोंग!" म्हणत माझ्यात ठेवून दिला. सगळ्यात तळाशी, टॉवेलात गुंडाळून, तिने आपला नवा पोहण्याचा पोशाख लपवला होता. तो तिने मास्तरांनाही दाखवला नव्हता. तो फक्त मला माहीत होता.

एकदा शेजारीणबाई सामान बघायला आली. "रंग किती छान!" असे ती मला म्हणाली, आणि मी दिवसभर फुगून बसले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात शिकवणी चाले. मास्तर मोठ्या पातेल्यात पाणी भरून टेबलावर ठेवत आणि मास्तरीणबाईला त्यात तोंड बुडवायला लावत.

"फुगे सोड! फुगे!" मास्तर ओरडत.

ती ठसकत, पदराने नाही तर मिळेल त्या फडक्याने तोंड पुसत वर येई. "नाकात गेलं!"

"जाऊ दे. नाक धुतलं जातं. परत!"

ती परत तोंड बुडवी. पाण्यात चार फुगे येत आणि मास्तर टाळ्या वाजवत. त्यांना आभाळ ठेंगणे होई.

पहिली विचित्र वस्तू माझ्यात आली ती टीव्हीचा रिमोट. मास्तरीणबाईने तो काढला आणि नवऱ्याला म्हणाली, "तिकडे काय आपल्या घरचा टीव्ही दिसणारे?" दोघेही हसले. मग भांडी घासायची ओली घासणी आली. मग चपलेच्या दोन जोडांपैकी नुसत्या डाव्या चपला आल्या. मग दुधाची पिशवी आली. ती टोप्यांखाली ठेवलेली कुणाच्या लक्षात आली नाही आणि फुटली. माझे अस्तर भिजले. मास्तरीणबाईने मला साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात ठेवले. या वेळी ती हसली नाही.

मला वाटते, मास्तरांना काय होते आहे ते घरात सगळ्यांच्या आधी मला कळले. मला सांगता आले असते तरी काय सांगितले असते, कोण जाणे.

एका दुपारी मास्तर खोलीत आले. त्यांच्या हातात लहान मुलीची, पाण्यात घालून तरंगायची रबरी कडी होती. कुठून माळ्यावरून काढली असेल. ती फुंकून फुगवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण रबर चिकटून गेले होते.

"हे कुणाला हो?" मास्तरीणबाईने विचारले.

"कुणाला म्हणजे? पोरीला. शाळेतून आली की निघू."

त्यांची लेक तेव्हा लग्न होऊन दुसऱ्या गावी राहत होती. चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती. तिच्या केसांत चार पांढरे केससुद्धा आले होते. मास्तरीणबाई पलंगाच्या कडेवर बसली. तिने कडी त्यांच्या हातातून घेतली, हवा जावी म्हणून दाबून दाबून सपाट केली आणि माझ्यात ठेवली.

"बरं," ती म्हणाली. एवढेच.

डॉक्टर काय म्हणाले ते मला मायलेकींच्या बोलण्यातून समजले. मास्तर बाहेर अंगणात होते आणि या दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या होत्या.

"आई, तिकिटं परत कर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, नव्या जागी त्यांचा गोंधळ वाढेल."

"आणि जुन्या जागी काय होतंय? काल कपड्यांच्या कपाटात शिरून दार शोधत होते."

"म्हणून परदेशी न्यायचं? तिथे हरवले तर? तुला तिथली भाषा येते?"

"मला पोहताही येत नाही. तरी जातेय ना?"

"आई, हे हसण्यावारी न्यायचं नाहीये. हा आजार मागे फिरत नाही."

"तेच म्हणतेय मी." मास्तरीणबाई म्हणाली. "मागे फिरत नाही. आत्ता गेलो तर माझ्याबरोबर हे असतील. पुढच्या वर्षी यांच्या कपड्यांत दुसराच कुणी असेल. त्याला नेऊन काय करू मी?"

लेक माझ्यातला एक शर्ट उगाच उलगडून पुन्हा घडी घालू लागली. घडी जमेना. आईने तो तिच्या हातातून काढून घेतला.

निघायचा दिवस उजाडला. मास्तर त्या दिवशी इतके छान होते की मास्तरीणबाईचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्वतः दाढी केली, बुटांना पॉलिश केले, गॅस बंद आहे का ते पाहिले. टॅक्सीवाल्याला मला उचलू दिले नाही. मला स्वतःच्या हाताने डिकीत ठेवले. वाटेत मला त्यांचे बोलणे ऐकू येत होते. ते टॅक्सीवाल्याला सांगत होते, "खाऱ्या पाण्यात डोळे उघडे ठेवायचे. चुरचुरतात, पण ठेवायचे."

विमानतळावर मोठी रांग होती. आमची पाळी आली. खिडकीमागच्या मुलीने हसून मला पट्ट्यावर ठेवायला सांगितले. मास्तरांनी ठेवले. माझ्या हँडलला तिने पट्टी लावली. माझ्यापुढे एक लहानशी लाल बॅग होती. पट्टा चालू झाला, ती लाल बॅग पुढे सरकली आणि रबराच्या काळ्या पडद्याखाली दिसेनाशी झाली.

"बाहेर!" मास्तर ओरडले.

मित्रांनो, तो आवाज तलावावरचा होता. कुणी बुडत असले की मास्तर तसे ओरडत. रांगेतली माणसे वळून पाहू लागली.

"सगळे पाण्याबाहेर! ताबडतोब! पोर खाली गेलंय!"

आणि ते पट्ट्यावर चढले. त्या वयात, पॉलिश केलेल्या बुटांसकट. गुडघ्यांवर रांगत ते त्या काळ्या पडद्यापर्यंत गेले आणि त्यात त्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत खुपसले. पोलीस धावले. त्यांनी धरले, तर मास्तर हिसडे देऊ लागले. "सोडा मला! अजून वेळ आहे! सोडा!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मास्तरीणबाई त्यांच्या पाठीला मिठी मारून सारखी म्हणत होती, "वाचलं हो ते, वाचलं. काढलं बाहेर. त्याच्या आईने नेलं घरी."

नंतर एक अधिकारी आला. तो चांगला माणूस होता. "बाई, मला वाईट वाटतंय. पण या अवस्थेत त्यांना विमानात घेता येणार नाही."

"थोडं थांबू या का? शांत होतील ते."

"आत्ता होतील. वर गेल्यावर पुन्हा असं झालं तर?"

मला पट्ट्यावरून उतरवून तिच्या पायाशी ठेवले. मी जेमतेम हातभर सरकले होते. मास्तर बाकावर बसून पाणी प्याले. येणारीजाणारी माणसे ते मजेत बघू लागले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आपण कुणाला सोडायला आलोय गं?"

"कुणाला नाही," ती म्हणाली. "चला घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठले आणि भरलेली मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आज निघायचं ना?"

मास्तरीणबाई म्हणाली, "विमान उद्या आहे."

मग ते रोजचेच झाले. रोज सकाळी मास्तर नव्याने आनंदायचे, दिवसभर माझ्यात सामान भरायचे, आणि संध्याकाळी ते टीव्हीपुढे बसले की मास्तरीणबाई ते बाहेर काढायची. माझ्यात काय काय नसायचे! पडद्याच्या कड्या, बटाटे, घड्याळ, तिचीच चप्पल. एकदा तिने मला माळ्यावर लपवून पाहिले. मास्तर खोल्याखोल्यांतून हिंडले, पलंगाखाली वाकून पाहिले आणि शेवटी मोठ्याने रडले. तिने शिडी लावून मला परत खाली काढले. त्यानंतर तिने कधी मला लपवले नाही. सामान काढताना ती माझ्याशी बोलू लागली. "चल बाई, आलो फिरून बेटावरून," असे म्हणायची. सुरुवातीला म्हणताना हसायची. पुढे पुढे नुसते म्हणायची.

मुळातले सामान हळूहळू विखुरले. टोप्या दबल्या. क्रीमची मुदत टळून गेली. तळाशी टॉवेलात गुंडाळलेला तो पोशाख मात्र मास्तरीणबाईने तसाच राहू दिला होता.

एके दिवशी ती औषधे आणायला गेली असताना मास्तर मला घेऊन घराबाहेर पडले. दार कसे उघडले कुणास ठाऊक. रस्त्याने मला ओढत ते भरभर चालले होते. ओळखीचे लोक विचारत, "मास्तर, कुठे दौरा?" मास्तर सांगत, "समुद्रावर!" लोक हसून बाजूला होत. कुणालाही थांबवावेसे वाटले नाही. ते तलावावर आले. तलाव त्या दिवसांत बंद होता. तळाच्या फरशा बदलायच्या म्हणून पाणी सोडून दिले होते. मागचे छोटे फाटक कसे ढकलायचे ते मात्र मास्तरांच्या हाताला अजून आठवत होते.

ते मला घेऊन पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर माझे चाक मोडले. उतारावरून खाली खाली जात आम्ही सगळ्यात खोल टोकाला पोचलो. भोवती निळ्या भिंती होत्या आणि वर आभाळाचा चौकोन. मास्तर माझ्यावर बसले आणि वाट पाहू लागले.

तलावावरच्या नव्या रखवालदाराने आम्हाला पाहिले. तो काठावरून हाका मारत राहिला, पण मास्तर काही वर पाहीनात. मग त्याने कचेरीतून नंबर शोधून घरी फोन केला. मास्तरीणबाई धापा टाकत आली. काठाशी आल्यावर ती थबकली. सगळ्या जन्मात ती त्या काठाच्या पुढे गेली नव्हती. नवऱ्याला डबा द्यायला येई तेव्हासुद्धा ती फाटकाशीच उभी राहत असे.

"बाई, पाणी नाहीये आत," रखवालदार म्हणाला.

"दिसतंय मला," ती म्हणाली. तरी कठडा घट्ट धरून, एकेक पायरी चाचपत ती उतरली. खोल टोकाकडे येताना ती भिंतीला हात लावून चालत होती.

मास्तरांनी तिला पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत न दिसलेले काहीतरी दिसले. ते शिकवताना असत तसे झाले. "घाबरू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधीच ऐकले नव्हते. "पाठीवर पड. मी धरलंय."

"अहो, घरी जाऊ या."

"आधी पाठीवर पड. मान सैल सोड. पाणी उचलतं."

मास्तरीणबाईने वर पाहिले. रखवालदार तोंड फिरवून उभा राहिला. ती त्या कोरड्या, धुळीने भरलेल्या फरशीवर आडवी झाली. मास्तरांनी गुडघे टेकून एक हात तिच्या मानेखाली घातला आणि दुसरा पाठीखाली. "शाब्बास," ते म्हणाले. "बघ, तरंगतेयस." ती डोळे मिटून पडून राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडांतून कानांकडे पाणी ओघळत होते. बराच वेळ ती उठली नाही.

मित्रांनो, ही गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरे वाटले असते. पण असे झाले नाही.

त्या दिवसानंतर मास्तर झपाट्याने उतरणीला लागले. ते जेवायचे विसरू लागले, संडास कुठे आहे ते विसरू लागले. एका संध्याकाळी मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे माझ्यातले सामान काढत होती. मास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांना एक परकी बाई आपल्या सामानात हात घालताना दिसली.

"चोर!" ते ओरडले. "बाहेर हो!"

"अहो, मी आहे. मी!"

त्यांनी तिला ढकलले. रुंद खांद्यांचा, पाण्यात घडलेला माणूस तो. ती माझ्या कोपऱ्यावर पडली आणि तिचे मनगट मोडले. तो आवाज मी ऐकला.

मग लेक आली. या वेळी वाद झाला नाही. अशा माणसांची काळजी घेणारे एक केंद्र होते, तिथे जागा मिळाली. सामान भरायला लेक बसली, कारण आईचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

"तशी नाही गं, बाही आत घे," आई खुर्चीवरून सांगत होती. "पायजमे खाली ठेव. स्वेटर वर. त्यांना लवकर थंडी वाजते."

लेकीच्या हाताला तळाचा टॉवेल लागला. तिने तो उलगडला. आतला निळा पोशाख तिच्या मांडीवर पडला. त्याचे लेबलसुद्धा काढलेले नव्हते. लेकीने आईकडे पाहिले.

"ठेव बाजूला," आई म्हणाली. "तुला होत असेल तर घे."

लेकीला रडू आवरेना. तेवढ्यात मास्तर आत आले. त्यांनी भरलेली मला पाहिले. "निघायचं?"

"हो," मास्तरीणबाई म्हणाली. "आजच."

"बेटावर?"

"बेटावर."

"तू?"

"तुम्ही व्हा पुढे. हात बरा झाला की मी मागून येते."

मास्तर खुशीत गाडीत बसले. इतकी वर्षे मला समुद्रावर जायचे होते. अखेर मी खरोखरची भरले गेले, बंद झाले, आणि माझे सामान कुणी संध्याकाळी परत काढणार नव्हते. मला मात्र तेव्हा उघडून पुन्हा त्या पलंगावर ठेवावे असे वाटत होते.

केंद्राची खोली स्वच्छ आहे. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिथल्या सेविकेला विचारले, "समुद्र कुठल्या बाजूला?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "त्या गाड्यांच्या पलीकडे." ते काही दिवस खिडकीशी उभे राहून गाड्या हलायची वाट पाहत. मग विचारायचे थांबले. आता ते बेटाचे नाव काढत नाहीत. त्यांचा आवाजही गेला आहे. बोलले तरी जेमतेम पुटपुटतात. माझ्यात आता जादा चादरी आणि रबरी कापड ठेवतात. माझ्याकडे बघून कुणी हसत नाही, की कुणी छान म्हणत नाही.

आता माझे एक मागणे ऐका. मला पुसा, माझ्या चाकाला तेल द्या, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. पण या खाटेखालून मी येणाऱ्या लोकांचे बोलणे ऐकते. जुने शिष्य येतात, नातेवाईक येतात, आणि प्रत्येक जण वाकून विचारतो, "मास्तर, मला ओळखलंत? सांगा बरं मी कोण?" मास्तर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतात. त्यांची बोटे चादर चुरगाळू लागतात. ते परीक्षेत नापास होत असतात आणि हे त्यांना कळत असते. तुमच्या घरात कुणी असे विसरू लागले, तर मित्रांनो, एवढे करू नका. आपण कोण ते आपणच आधी सांगून टाका. आणि त्यांच्याबरोबर कुठे जायचे ठरले असेल, तर लवकर जा.

मास्तरीणबाई रोज दुपारी येते. तिचे मनगट नीट जुळले नाही, त्यामुळे पिशवी ती डाव्या हातात धरते. दारातूनच ती सांगते, "मी तुमची बायको."

मास्तर तिच्याकडे पाहतात. "असं का?" ते पुटपुटतात. "बसा की मग."

आणि ती बसते.